लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरता येते का? कर्जत-खोपोलीच्या डब्यापासून अमेरिकेतल्या विमानापर्यंत, जागेचं सगळं गणित

अमेरिकेत साउथवेस्ट नावाची एक मोठी विमान कंपनी आहे. १९७१ साली टेक्सासमधून तिची विमानं उडायला लागली तेव्हापासून तिचा एक नियम होता. तिकीट घ्या, विमानात शिरा आणि जी जागा रिकामी दिसेल तिथं बसा. बोर्डिंग पासवर सीट नंबरच नसायचा. २७ जानेवारी २०२६ पासून कंपनीने ही पद्धत बंद केली आणि इतरांसारखे सीट नंबर द्यायला सुरुवात केली.

पन्नासहून जास्त वर्षं तिथले प्रवासी एका प्रश्नावरून भांडत होते. मागून येणाऱ्या बायकोसाठी, मित्रासाठी शेजारची सीट धरून ठेवायची की नाही?

हे वाचून कर्जत, भिवपुरी, नेरळ किंवा खोपोलीच्या माणसाला हसूच येईल. कारण हा प्रश्न तो रोज सकाळी सोडवतो. फरक इतकाच की तिकडं विमान असतं आणि इकडं लोकल.

आधी भूगोल समजून घेऊ

मुंबईच्या सीएसएमटीपासून कर्जत साधारण १०० किलोमीटर. लोकलने दोन तासांच्या आसपास लागतात. कर्जतच्या पुढे खोपोलीचा फाटा निघतो. साधारण १५ किलोमीटरची ही एकेरी लाईन आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. खोपोली हे खालापूर तालुक्यातलं गाव. तिथून थेट मुंबई गाठायची तर अडीच तास धरून चालायचं. सगळ्याच गाड्या थेट जात नाहीत. काही फक्त कर्जत-खोपोली अशा फेऱ्या मारतात, म्हणजे कर्जतला उतरून पुन्हा गाडी बदलायची.

ही लाईन जुनी आहे. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली होती. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ वर जाईपर्यंत पुण्याकडच्या प्रवाशाला पायथ्याशी उतरून घाट चढावा लागायचा.

आता हिशोब करा. जाऊन येऊन रोजचे चार तास. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०० तास. हे १०० तास बसून काढायचे की उभं राहून, हा प्रश्न एका सीटवर ठरतो. पासचे पैसे दोघांचे सारखेच.

जागा धरायच्या पद्धती किती?

सगळ्याला आपण ‘जागा पकडली’ असं एकच नाव देतो. पण नीट पाहिलं तर यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, धावत चढणं. कर्जतहून सुटणारी गाडी फलाटावर लागत असताना, ती थांबायच्या आधीच उडी मारून खिडकी गाठायची. यात नियम एकच, जो आधी पोचला त्याची जागा. धोकाही यातच सगळ्यात जास्त.

दुसरी, रुमाल टाकणं. एक जण चढतो आणि चार जणांची जागा अडवतो. रुमाल, पिशवी, पेपर, डबा, छत्री, काहीही चालतं. ज्यांच्यासाठी जागा धरली ते कधी फलाटावर चहा पीत असतात, कधी पुढच्या नेरळ किंवा वांगणी स्टेशनवर उभे असतात.

तिसरी, ‘कुठं उतरणार?’ विचारणं. बसलेल्या माणसाला विचारायचं, तो ‘ठाणे’ म्हणाला की त्याची जागा आपली. मागून आलेल्याला आपण सांगायचं, ‘ही जागा झालीय.’ लेडीज डब्यात तर या पद्धतीची शिस्त बघण्यासारखी आहे. एकीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी असा नंबर तोंडी लागतो आणि बहुतेक वेळा पाळला जातो.

चौथी, उलटा प्रवास. संध्याकाळी दादर किंवा भायखळ्याचा माणूस आधी सीएसएमटीला जातो, तिथं रिकाम्या गाडीत बसतो आणि त्याच गाडीने परत आपल्या स्टेशनवरून पुढे जातो. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. पास दादर ते कर्जत असेल तर दादर ते सीएसएमटी हा तुकडा पासात येत नाही. वेगळं तिकीट नसेल तर तो प्रवास विनातिकीटच.

या चारांशिवाय चौथी सीट आहेच. तीन जणांच्या बाकड्यावर ‘जरा सरका’ म्हणून अर्धं टेकायचं. अर्धीच का होईना, पण मुंबईच्या लोकलमध्ये ती हक्काची मानली जाते.

कायदा काय म्हणतो?

लोकलच्या साध्या डब्यात सीटचं आरक्षण नसतं. फर्स्ट क्लासमध्ये नसतं, एसी लोकलमध्येही नसतं. जास्त पैसे भरले म्हणून डबा बदलतो, पण सीट मिळेलच याची हमी मिळत नाही. पास किंवा तिकीट म्हणजे प्रवास करायची परवानगी.

रेल्वे कायदा १९८९ सालचा आहे. त्यात रुमालाचा उल्लेख नाही. म्हणजे रुमाल टाकून कुणाला कायदेशीर हक्क मिळत नाही. जागा रिकामी असेल आणि माणूस हजर नसेल, तर तिथं बसणारा प्रवासी काहीही चूक करत नाही.

पण कायद्यातली दोन कलमं माहीत असावीत. कलम १५५ मध्ये दोन भाग आहेत. दुसऱ्यासाठी राखीव असलेली जागा न सोडणं हा एक. आणि जो डबा आपल्यासाठी राखीव नाही, त्यात दुसऱ्या प्रवाशाला चढू न देणं हा दुसरा. या दुसऱ्या गुन्ह्याला मूळ कायद्यात २०० रुपयांपर्यंत दंड आहे. दारात उभं राहून ‘हा आमच्या ग्रुपचा डबा आहे, पुढं जा’ म्हणणारे या कलमात बसतात.

दुसरं कलम १४५. डब्यात उपद्रव करणं, शिवीगाळ करणं याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. जागेवरून सुरू झालेलं भांडण साधारण याच कलमापाशी जाऊन थांबतं.

दिव्यांगांचा डबा, महिलांचा डबा आणि ज्येष्ठांसाठी ठेवलेल्या सीट यांची गोष्ट वेगळी. तिथं राखीवपणा रेल्वेने ठरवलेला आहे, प्रवाशाने नाही.

मग ग्रुप वाईट का?

इथं दोन्ही बाजू ऐकायला हव्यात.

वर्षानुवर्षं एकाच गाडीने, एकाच डब्यातून जाणाऱ्यांचा ग्रुप तयार होतो. कुणाचं वाढदिवसाचं वाटप, कुणाचं भजन, नवरात्रात लेडीज डब्यात रंगाच्या साड्या. कुणी आजारी पडलं तर तोच ग्रुप स्टेशनवर उतरवून दवाखान्यात नेतो. रात्रीच्या शेवटच्या गाड्यांमध्ये बदलापूरनंतर डबा रिकामा होत जातो. तिथं ओळखीची माणसं सोबत असणं ही बाईमाणसासाठी मोठी गोष्ट असते. ग्रुप नसता तर हा प्रवास कित्येकांनी कधीच सोडला असता.

दुसरी बाजू अशी. ज्याचा ग्रुप नाही तो उभा राहतो. नव्याने नोकरीला लागलेली मुलगी, महिन्यातून एकदा मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला निघालेले आजोबा, वाडीवरून कामाला निघालेला मजूर. हे लोक गाडी सुटायच्या अर्धा तास आधी येऊनही उभे, आणि पुढच्या स्टेशनवरून चढलेला माणूस बसलेला. लवकर येण्याची किंमत एकाने मोजली, फायदा दुसऱ्याला मिळाला.

‘कुठं उतरणार’ आणि रुमाल यांतला फरक इथं दिसतो. ‘कुठं उतरणार’ विचारणारा स्वतः डब्यात उभा आहे. तो रांगेत आहे. त्याने हजर असलेल्या कुणाचीही जागा घेतलेली नाही. रुमालवाला मात्र हजर नसलेल्या माणसासाठी हजर असलेल्याला उठवतो. म्हणूनच पहिल्या पद्धतीवर फारशी भांडणं होत नाहीत आणि दुसरीवर रोज होतात.

साउथवेस्टच्या विमानात हेच व्हायचं. चेक-इनच्या क्रमाने ए, बी, सी असे गट आणि पुढे १ ते ६० नंबर मिळायचे, त्या क्रमाने आत सोडायचे. लवकरचा नंबर हवा तर जादा पैसे. मग घरातला एक जण पैसे भरून आधी चढायचा आणि मागच्या गटातल्या तिघांसाठी ओळ अडवायचा. चिडायचे ते नियमाने पैसे भरून मधला नंबर घेतलेले. कंपनीने सीट धरण्याला स्पष्ट हो किंवा नाही कधी म्हटलंच नाही, त्यामुळे वाद प्रवाशांवरच सोपवला गेला.

भारतात अशी विमानं होती का?

होती. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली, तेव्हा स्वस्त तिकिटाच्या बदल्यात सीट नंबर नसायचा. दार उघडलं की लोक खिडकीकडे धावायचे. युरोपात इझीजेटने २०१२ मध्ये आणि रायनएअरने २०१४ मध्ये ठरलेल्या सीट द्यायला सुरुवात केली.

कंपन्यांना मोकळ्या जागेची पद्धत आवडायचं कारण वेळ. आधी चढला तर चांगली जागा, म्हणून लोक भरभर चढतात आणि विमान लवकर सुटतं. ती पद्धत सोडायचं एक मोठं कारण पैसा. खिडकीची, पुढची, पाय पसरता येणारी सीट वेगळे पैसे लावून विकता येते.

कर्जत-खालापूरकरांसाठी विमानतळ आता आपल्याच जिल्ह्यात आलाय. पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की तिथं रुमाल चालत नाही. बोर्डिंग पासवर असेल तीच सीट. बदलायची असेल तर शेजाऱ्याला विनंती करा, तो नाही म्हणाला तर विषय संपला. केबिन क्रूने जागेवर बसायला सांगितलं तर बसायचं. छोट्या विमानात प्रवासी कुठं बसलेत यावर तोल अवलंबून असतो, म्हणून उड्डाणाच्या वेळी ते जास्त काटेकोर असतात.

मुलं सोबत असतील तर एक नियम तुमच्या बाजूने आहे. डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच बुकिंगमधल्या किमान एका पालकाशेजारी सीट द्यावी.

लोकलला सीट नंबर का देत नाहीत?

कारण लोकल दर दोन-चार मिनिटांनी थांबते. प्रत्येक स्टेशनवर माणसं चढतात, उतरतात. एकच सीट कर्जत ते सीएसएमटी या प्रवासात दोघं-तिघं वापरतात. नंबर दिला तर कर्जतवाल्याने ठाण्याला सोडलेली सीट रिकामी जाईल किंवा तिथं पुन्हा भांडण होईल. शिवाय बसलेल्यांपेक्षा उभे असलेले जास्त, त्यांना नंबर कुठला देणार?

म्हणजे मूळ दुखणं रुमाल नाही, गाड्या कमी पडतात हे आहे. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान कर्जतकडे जाणारी आणि कसाऱ्याहून येणारी अशा दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या. दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. आत जागा नसली की माणूस दाराशी येतो. त्यामुळे सीटवर ठेवलेली एक पिशवी ही फक्त बसण्याची बाब राहत नाही. आतला प्रत्येक अडवलेला कोपरा एका माणसाला दाराकडे ढकलतो.

पनवेल-कर्जत या उपनगरी मार्गाकडे खालापूरकरांचे डोळे लागलेत ते यासाठीच. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत असा साधारण ३० किलोमीटरचा हा मार्ग. चौकच्या माणसाला आधी कर्जत गाठायची गरज उरणार नाही, आणि कल्याणमार्गे जाणाऱ्या गाड्यांवरचा थोडा भार हलका होईल.

तोवर काय करायचं?

रिकाम्या सीटवर रुमाल असेल तर विचारा, ‘माणूस आहे का?’ डब्यात असेल तर थांबा. पुढच्या स्टेशनवर चढणार असेल तर शांतपणे बसा, तुमचं चुकत नाही. चढू दिलं नाही किंवा मारहाणीची वेळ आली तर भांडत बसू नका, १३९ या रेल्वे हेल्पलाईनवर गाडी आणि डबा सांगा.

आणि तुम्ही स्वतः ग्रुपमधले असाल तर सगळ्यात सोपा उपाय तुमच्याच हातात आहे. कल्याण आलं की उभ्या असलेल्याला अर्ध्या प्रवासासाठी सीट द्या. बऱ्याच डब्यांत ही पद्धत आजही आहे. तिच्यासाठी कलम लागत नाही, ॲप लागत नाही आणि रुमालही लागत नाही.