बाघच्या चुनखडीतील इतिहास

धार आणि देवास ही नावे मराठी मनाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने माळव्यात जी सत्ता स्थापिली, तिच्या या राजधान्या होत. देवासला तर थोरली व धाकटी अशा दोन पाती एकाच गावी नांदल्या. परंतु या भूमीचा इतिहास पवारांपासून, किंबहुना धारच्या भोजराजापासूनही सुरू होत नाही. धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील बाघ परिसरातील चुनखडीत त्याची पहिली पाने आहेत.

सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्या समुद्रातील शिंपले आणि सागरी प्राण्यांची कवचे येथील खडकांत आजही आढळतात. विल्यम ब्लॅनफर्ड याने १८६९ साली या प्रदेशाचे भूवर्णन प्रसिद्ध केले. पुढे जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी बाघच्या जीवाश्मांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

समुद्र हटल्यानंतर येथे दलदलीची, पाणथळ जमीन झाली आणि तेथे टायटॅनोसॉर या महाकाय प्राण्यांनी अंडी घातली. पाण्यातील चुन्याने ती माती घट्ट होऊन तिचा दगड झाला. त्यानंतर दख्खनच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याने हे सारे झाकून टाकले. देवासच्या टेकडीचा काळा खडक आणि आपला सह्याद्री ही त्याच लाव्ह्याची रूपे होत. धार परिसरातील संशोधनात ९२ घरटी व २५६ अंडी आढळल्याचे २०२३ साली जाहीर झाले. त्यापूर्वी, २०२२ साली, बाघजवळील पाडल्या येथे अंड्याच्या आत अंडे असा विलक्षण नमुना सापडल्याची नोंद झाली. असा प्रकार पक्ष्यांत आढळतो; म्हणून या प्राण्यांच्या प्रजोत्पादनाची रीत पक्ष्यांशी मिळतीजुळती असावी, असे संशोधकांनी अनुमान काढले.

हे अनुमान शक्य झाले, याचे कारण ते अंडे आपल्या घरट्यात, इतर अंड्यांच्या शेजारी, मूळ थरात होते. तेच कोणी उचलून दिवाणखान्यात मांडले असते, तर तो केवळ एक गोल दगड ठरला असता. जीवाश्माचे निम्मे मोल त्याच्या जागेत असते.

संकट नेमके येथेच आहे. चुनखडी हा उपयुक्त दगड आहे. मनावरच्या बाजूस सिमेंटसाठी ती काढली जाते आणि सिमेंटवाचून आजचे जग चालणार नाही, हेही खरे. परंतु पाहणी न करता थर फोडला, तर त्यातील साक्ष भट्टीत कायमची जाते. बाघच्या बौद्ध लेण्यांतील चित्रे विटत चालली, तेव्हा १९२१ साली ग्वाल्हेर दरबारच्या वतीने नंदलाल बोस प्रभृती चित्रकारांनी त्यांच्या प्रतिकृती तयार केल्या. चित्राची प्रतिकृती करता येते. फुटलेल्या घरट्याची कोणती प्रतिकृती करावी?

लेणी मानवनिर्मित असल्याने त्यांना प्राचीन स्मारकांच्या कायद्याचा आधार मिळतो. निसर्गाने कोरलेल्या ठेव्यासाठी तसे संरक्षण हवे, ही जाणीव आपल्याकडे उशिरा आली. बाघ भागात सुमारे ९० हेक्टरांचे डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झाले आणि भूवारशाच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने २०२२ साली एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि केवळ कुंपणाने काम भागत नाही.

पाडल्याच्या शेतकऱ्यांची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. शेतात सापडणाऱ्या गोल दगडांना ते 'काकड भैरव', म्हणजे शेताचा राखणदार, मानून पूजीत आले. त्यांतील काही दगड डायनासोरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी २०२३ साली सांगितले. शास्त्र तेथे पोहोचण्यापूर्वी श्रद्धेने त्यांची राखण केली होती. आता या श्रद्धेला ज्ञानाची जोड मिळाली पाहिजे. गावच्या मुलांना शाळेत आपल्या शेताखालचा समुद्र शिकविला जावा, येणाऱ्या पाहुण्यांना तो दाखविण्याचे काम व त्याची मिळकत गावच्याच तरुणांकडे राहावी, आणि खाणीचा परवाना देण्याआधी थरांची पाहणी व्हावी. नांगराच्या फाळाला दगड लागताच जो शेतकरी थबकेल, त्याच्यासारखा दुसरा राखणदार या इतिहासाला मिळणार नाही.