नावातलं मद्य

पुण्याहून भाची आली ती आजीसाठी बिनसाखरेची काजूकतली आणि चहात घालायची एरिथ्रिटॉलची बरणी घेऊन. आईला पंधरा वर्षांचा मधुमेह. दिवस मावळायच्या आत खावं म्हणून डबा उघडला. सवयीप्रमाणे मी घटक वाचले : काजू, माल्टिटॉल, पुढं ‘शुगर अल्कोहोल’. आईनं उचललेला तुकडा परत ठेवला.

“दारू घातलीय होय गं यात?”

हसू आलं, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा आमच्या श्रावकधर्माचा पाया. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त तो मूलगुणांत घातला आहे. मी आधी शब्दाचाच माग काढला.

मूळ शब्द अरबी, ‘अल्-कुहल’. म्हणजे सुरमा, डोळ्यांत घालायची बारीक पूड! युरोपात कुठल्याही वस्त्रगाळ पुडीला तो शब्द लागला, मग अर्काला. 16व्या शतकात पॅरासेल्ससच्या लेखनात तो द्राक्षमद्याच्या अर्काला लागलेला दिसतो, आणि पुढं दारूलाच चिकटला. 1834 मध्ये द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी लाकडाचा अर्कही त्याच घडणीचा आहे हे दाखवलं. एका द्रव्याचं नाव असं सगळ्या कुळाचं आडनाव झालं. 1854 मध्ये बर्थेलोनं ग्लिसरीनलाही त्या कुळात बसवलं. 1806 मध्ये प्रूस्तनं ‘मॅना’ नावाच्या झाडाच्या गोड चिकातून काढलेलं मॅनिटॉल, 1872 मध्ये बूसिंगोला रानफळांत सापडलेलं सॉर्बिटॉल, सगळी त्यातलीच. दारूतलं इथेनॉल वेगळं. या गोड भावंडांनी नशा येत नाही. फार खाल्लं तर पोट तेवढं बिघडतं.

म्हणजे प्रश्न मिटला? दहाव्या शतकातले अमृतचंद्राचार्य ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त मद्य सोडण्याची दोन कारणं देतात. एक, त्यानं मन मोहित होतं, आणि मोहित माणूस धर्म विसरून बेधडक हिंसा करतो. दुसरं, त्या रसातच असंख्य जीव जन्मतात, ते पिण्यात मरतात. पहिलं कारण काजूकतलीला लागू नाही. दुसऱ्यापाशी मी अडखळले.

आईला हे सांगितलं, तर तिनं एकच विचारलं, “आंबवतात का ते?”

माल्टिटॉल आंबवत नाहीत. पिष्टातून माल्टोज काढतात आणि त्यावर दाबाखाली हायड्रोजन सोडतात. एरिथ्रिटॉलचं मात्र तसं नाही. कारखान्यात ते ग्लुकोजवर यीस्ट वाढवून, आंबवूनच करतात.

“आणि पिष्ट कशाचं? मक्याचं, का साबूदाण्याच्या कंदाचं?”

आमच्या घरी कंदमूळ चालत नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी दोन दिवस ‘अल्कोहोल’ या शब्दाभोवती फिरत होते. भाचीनं डब्यावरच्या नंबराला फोन लावला. मक्याचं, असं उत्तर आलं.

आईनं एक तुकडा खाल्ला. बरणी भाचीला परत दिली. चहा ती अजून बिनसाखरेचाच पिते.