कुलेशॉव परिणाम

कुलेशॉव परिणाम ही चित्रपट संकलनाशी संबंधित संकल्पना आहे. एकापाठोपाठ जोडलेले दोन शॉट पाहताना प्रेक्षकाला जो अर्थ जाणवतो, तो त्यांपैकी कोणत्याही एका शॉटमध्ये स्वतंत्रपणे असतोच असे नाही. तो त्यांच्या जोडणीतून निर्माण होतो, असे ही संकल्पना सांगते. सोव्हिएत दिग्दर्शक आणि चित्रपटशिक्षक लेव्ह कुलेशॉव (१८९९–१९७०) यांनी रशियन क्रांतीनंतरच्या काळात केलेल्या एका प्रयोगावरून तिला हे नाव मिळाले. अभिनेत्याच्या चेहऱ्यावर प्रेक्षकाला दिसणारी भावना अनेकदा प्रेक्षकानेच तेथे आणून ठेवलेली असते, हा या प्रयोगातून काढलेला निष्कर्ष होय.

प्रयोगाचे स्वरूप

झारकालीन रशियातील लोकप्रिय अभिनेते इव्हान मोझ्झुखिन यांच्या चेहऱ्याचे एक समीप दृश्य कुलेशॉव यांनी निवडले. चेहऱ्यावर कोणताही ठळक भाव नव्हता. हाच शॉट त्यांनी तीन वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. सर्वाधिक प्रचलित वृत्तांतानुसार ही दृश्ये म्हणजे सूपने भरलेले भांडे, शवपेटीतील मृत बालिका आणि दिवाणावर पहुडलेली स्त्री. प्रेक्षकांना पहिल्या जोडणीत भूक, दुसऱ्या जोडणीत शोक आणि तिसऱ्या जोडणीत अभिलाषा दिसली, तसेच त्यांनी अभिनेत्याच्या संयत अभिनयाची प्रशंसा केली, असे सांगितले जाते. चेहरा मात्र तिन्ही वेळी तोच होता.

ही मूळ फिल्म आज उपलब्ध नाही आणि तिच्याविषयीचे वृत्तांत परस्परांशी पूर्णपणे जुळत नाहीत. कुलेशॉव यांचे शिष्य व्सेव्होलोद पुदोव्हकिन यांनी दिलेल्या वर्णनात शवपेटीत बालिका नसून एक स्त्री आहे आणि तिसरे दृश्य खेळण्यातील अस्वलाशी खेळणाऱ्या मुलीचे आहे. त्यामुळे तेथे अभिलाषेऐवजी प्रसन्न स्मिताचा उल्लेख येतो. प्रयोगाचा नेमका दिनांकही निश्चित नसून तो साधारणतः १९१८ ते १९२१ या दरम्यानचा मानला जातो. एवढ्या प्रसिद्ध प्रयोगाचा आधार मुख्यतः नंतर सांगितलेल्या आठवणींवर असावा, ही बाब त्याचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

पार्श्वभूमी

कुलेशॉव यांनी चित्रपटक्षेत्रात प्रवेश केला तो नेपथ्यकार म्हणून, येवगेनी बाउअर या दिग्दर्शकाच्या हाताखाली. १९१९ मध्ये मॉस्को येथे राज्य चित्रपटशाळा स्थापन झाली व तेथे कुलेशॉव यांची कार्यशाळा आकारास आली. यादवी युद्धाच्या त्या वर्षांत कोऱ्या फिल्मचा तीव्र तुटवडा होता. विद्यार्थी पुष्कळदा फिल्मविना, केवळ रंगमंचावर चित्रपटासारखे प्रसंग बसवत. जुन्या चित्रपटांचे तुकडे कापून नव्या क्रमाने जोडणे हा अभ्यासाचा आणखी एक मार्ग होता. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘इनटॉलरन्स’ (१९१६) हा अमेरिकी चित्रपटही या पिढीने बारकाईने अभ्यासला. नवे चित्रीकरण करता येत नसल्यामुळे लक्ष साहजिकच जोडणीकडे वळले. मोझ्झुखिन यांचा शॉटही जुन्या चित्रपटातील होता. ते स्वतः १९२० मध्ये रशिया सोडून फ्रान्सला गेले. ज्या अभिनयाबद्दल त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत कायमचे नोंदले गेले, तो त्यांनी त्या हेतूने कधी केलाच नव्हता.

सर्जनशील भूगोल

कुलेशॉव यांचा दुसरा प्रयोग तुलनेने कमी परिचित असला, तरी प्रेक्षकानुभवाच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. त्यात मॉस्कोच्या निरनिराळ्या भागांत चित्रित केलेले एक पुरुष व एक स्त्री एकमेकांकडे चालत येतात, भेटतात आणि एका दिशेकडे पाहतात. पुढच्या शॉटमध्ये वॉशिंग्टनमधील व्हाइट हाउस दिसते आणि त्यानंतर ते दोघे मॉस्कोतील एका कॅथीड्रलच्या पायऱ्या चढतात. प्रेक्षकाला हे सर्व एकाच परिसरात घडल्यासारखे वाटते. अन्य एका प्रयोगात अनेक स्त्रियांच्या अवयवांचे शॉट जोडून एकच स्त्री निर्माण करण्यात आली.

आज कोणत्याही चित्रपटात घराचा दर्शनी भाग एका गावी आणि आतील खोली स्टुडिओत चित्रित होते. प्रेक्षकाला त्याची जाणीव होत नाही, कारण दार उघडण्याची क्रिया दोन्ही शॉटमध्ये अखंड ठेवलेली असते.

मोंताजचे सिद्धान्त

पुदोव्हकिन यांनी शॉटची तुलना विटांशी केली: वीट वीटेला जोडत भिंत उभी राहावी, तसे शॉट जोडत कथन उभे राहते. काही काळ कुलेशॉव यांच्या कार्यशाळेत शिकलेले सर्गेई आयझेनस्टाईन यांना ही कल्पना अपुरी वाटली. त्यांच्या मते दोन शॉट जोडले जात नाहीत, ते एकमेकांवर आदळतात आणि त्या संघर्षातून तिसरी कल्पना जन्मते. त्यांच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) या चित्रपटात क्रिमियातील राजवाड्यासमोरचे तीन संगमरवरी सिंह लागोपाठ दिसतात: एक निजलेला, दुसरा जागा झालेला, तिसरा उठून बसलेला. तीन अचल पुतळे जोडणीमुळे एकच जागा होणारा सिंह ठरतात आणि दडपलेल्या जनतेच्या उठावाचे प्रतीक बनतात.

हिचकॉक यांचा उपयोग

कथाप्रधान व्यावसायिक चित्रपटात या तत्त्वाचा सर्वांत जाणीवपूर्वक उपयोग आल्फ्रेड हिचकॉक यांनी केला, असे म्हणता येईल. ‘रिअर विंडो’ (१९५४) या चित्रपटाचा नायक पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे खुर्चीला खिळलेला छायाचित्रकार आहे. चित्रपटाचा मोठा भाग तीन घटकांच्या आवर्तनावर उभा आहे: नायक पाहतो, त्याला दिसणारे दृश्य येते, मग त्याची प्रतिक्रिया येते. हिचकॉक यांनी मुलाखतींतून हे तत्त्व स्वतः समजावून दिले आहे. स्मित करणाऱ्या पुरुषाच्या दोन शॉटच्या मध्ये बाळाला घेतलेली स्त्री दाखवली, तर तो सहृदय गृहस्थ वाटतो. तेथे बिकिनीतील तरुणी दाखवली, तर तेच स्मित लंपटपणाचे ठरते.

या उदाहरणाची गंभीर बाजू अशी, की येथे एका माणसाच्या चारित्र्याविषयीचे मत काही सेकंदांत बदलते आणि त्याने मात्र काहीही वेगळे केलेले नसते. काल्पनिक कथेत हे कौशल्य मानले जाते. मुलाखत, वृत्तपट किंवा स्पर्धात्मक दूरचित्रवाणी कार्यक्रम यांत मात्र श्रोत्याचा एका क्षणी टिपलेला चेहरा दुसऱ्याच क्षणीच्या विधानानंतर जोडला, तर त्या व्यक्तीने न दिलेली प्रतिक्रिया तिच्या नावावर जमा होते. प्रेक्षकाला ही जोड ओळखण्याचे साधन पडद्यावर सहसा उपलब्ध नसते.

वैज्ञानिक पडताळणी

स्टीफन प्रिन्स व वेन हेन्स्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुनर्प्रयोगात अपेक्षित परिणाम आढळला नाही. दैनंदिन चित्रपट-दूरचित्रवाणीला सरावलेला प्रेक्षक आणि १९२० च्या सुमाराचा प्रेक्षक यांत फरक असावा, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. २००६ मध्ये डीन मॉब्ज आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांकनाचा वापर करून केलेल्या अभ्यासात, चेहऱ्याला दिलेल्या संदर्भानुसार त्यावरील भावनेचे मूल्यमापन बदलते असे दिसले. डॅनियल बॅरट व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील प्रयोगात ३६ जणांना तटस्थ चेहरे भीती, आनंद, दुःख, भूक आणि इच्छा अशा संदर्भांत दाखवण्यात आले. संदर्भाशी जुळणारी भावना निवडण्याचे प्रमाण योगायोगापेक्षा अधिक होते. तथापि पारंपरिक कथेत सांगितला जातो तेवढा एकमुखी प्रतिसाद या प्रयोगातही मिळाला नाही. संदर्भाचा प्रभाव खरा आहे, पण तो सर्वशक्तिमान नाही, असे सध्याच्या पुराव्यावरून दिसते.

आक्षेप आणि वेगळ्या वाटा

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांचा मोंताजवरील मुख्य आक्षेप असा होता, की तो प्रेक्षकासाठी आधीच निवड करून ठेवतो. दीर्घ शॉट आणि खोलवर स्पष्ट दिसणारी चौकट यांमुळे वास्तवाची संदिग्धता टिकते आणि काय पाहावे हे प्रेक्षक स्वतः ठरवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वाद तंत्राचा जितका आहे, तितकाच प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याचा आहे.

मराठी चित्रपटांत चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या दुसऱ्या वाटेचे लक्षणीय उदाहरण आहे. त्यातील न्यायालयीन प्रसंग प्रामुख्याने दूर ठेवलेल्या, स्थिर कॅमेऱ्याने चित्रित केलेले आहेत. न्यायाधीशाच्या वाक्यानंतर आरोपीच्या चेहऱ्याचे समीप दृश्य देऊन करुणा किंवा संताप सुचवण्याचा मार्ग येथे सहसा टाळलेला आहे. न्यायालय सुट्टीसाठी बंद होते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा मात्र रिकाम्या दालनात थांबून राहतो. कंटाळा, दिरंगाई आणि उदासीनता यांचा अनुभव प्रेक्षकाला वेळेच्या रूपानेच येतो.

जोडणीचा परिणाम एकाच चौकटीतही साधता येतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मध्ये जब्याचे कुटुंब पकडलेले डुक्कर बांबूला बांधून घेऊन जाते, तेव्हा त्यांच्या मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जोतिबा फुले आणि सावित्रीबाई फुले यांच्या रंगवलेल्या प्रतिमा दिसतात. कुलेशॉव यांच्या पद्धतीने भिंत आणि माणसे वेगवेगळ्या शॉटमध्ये दाखवता आली असती. येथे दोन्ही एकाच वेळी समोर असतात; चालणाऱ्यांपैकी कोणी भिंतीकडे पाहत नाही आणि दोहोंतील संबंध लावण्याचे काम प्रेक्षकाकडे राहते.