अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण

अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण : सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना आहार, आरोग्य व बालशिक्षण एकाच ठिकाणी मिळावे, यासाठी एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील कार्यकर्त्यांना दिले जाणारे शिक्षण. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात आहेत. त्यांतील लसीकरण, तपासणी आणि संदर्भ सेवा आरोग्य खाते देते. उरलेल्या तिन्ही महिला व बालविकास खात्याकडे. मूल मात्र एकच असते. दोन खात्यांच्या माणसांनी त्या एका मुलाचा मिळून विचार करावा, हे शिकवणे हेच या प्रशिक्षणाचे मुख्य काम आहे आणि अजून तेच सर्वांत अपुरे राहिले आहे.

महाराष्ट्रात या कामाची पायवाट योजनेच्या तीस वर्षे आधी पडली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आंघोळ, नखे, केस, खाणे, गाणी, खेळ हे सगळे तिथे शिक्षणच होते. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी तिथे उभी राहिली. बालसेविका घडवण्याची त्यांची रीत मुलांमध्ये बसून, हाताने काम करत शिकण्याची होती. पुढे सरकारी अभ्यासक्रमांनी या कामाचा आशय घेतला, पण ही रीत पुरती उचलली नाही, याची हळहळ वाटते.

योजनेच्या प्रशिक्षणाची शिखरसंस्था म्हणून दिल्लीची राष्ट्रीय लोक सहकार व बालविकास संस्था काम पाहू लागली. तिच्याखाली पर्यवेक्षिकांसाठी मध्यमस्तरीय आणि सेविकांसाठी अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. त्यांतली बरीच स्वयंसेवी संस्थांनी चालवली. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांनाही सुरुवातीपासून सल्लागार म्हणून जोडून घेतले होते, ही दूरदृष्टी होती. सेविकेचे प्रशिक्षण आधी काही महिन्यांचे असे. नंतर ते २६ कामाच्या दिवसांवर आले. त्याआधी सहा दिवसांचा परिचय वर्ग आणि पुढे ठरावीक काळाने पाच दिवसांची उजळणी. १९९९ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘उदिशा’ हा देशव्यापी प्रशिक्षण कार्यक्रम आला.

वर्गात काय शिकवतात यापेक्षा सेविकेच्या हाताला काय येते, यावर सगळे अवलंबून असते. दंडघेर मोजणेच पाहा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या मधला बिंदू धरायचा आणि पट्टी न आवळता, न ढिली सोडता वाचायची. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे गावच्या बोलीत ‘सॅम’; ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’. पट्टी जरा सैल धरली, की सॅमचे मूल मॅममध्ये जाते आणि त्याचे उपचार हुकतात. दोन्ही पावलांवर अंगठ्याने काही सेकंद दाबून खळगा राहतो का, हेही पाहायचे असते. सूज आलेले मूल काट्यावर बरे भरते आणि नवशिक्या सेविकेला ते गुटगुटीत वाटते. हे पुस्तिकेतले चित्र पाहून येत नाही. दहा-वीस मुले मोजावी लागतात आणि शेजारी चूक दाखवणारे जाणते माणूस लागते.

मोजल्यानंतरचे काम तिघींचे असते. सेविकेकडे वाढीचा तक्ता असतो, आरोग्य खात्याची गावातली कार्यकर्ती ‘आशा’ घरोघरी जाते, आणि आरोग्यसेविका म्हणजे एएनएम लस देते व आजार पाहते. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवशी तिघी अंगणवाडीत एकत्र येतात. दोन महिने वजन न वाढलेल्या मुलाबद्दल एकीला माहीत असते की ते खात नाही, दुसरीला की आई पहाटेच मजुरीला जाते, तिसरीला की त्याचा जुलाब थांबलेला नाही. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच उपाय सापडतो. असे असूनही तिघींचे शिक्षण बहुतांशी वेगवेगळ्या खात्यांकडून, वेगवेगळ्या पुस्तिकांतून आणि वेगवेगळ्या तारखांना होते. दिवस एकत्र साजरा होतो, पण नोंदवह्या शेजारी शेजारी भरल्या जातात.

कमी शिकलेल्या गावातल्या बाईला किती अवघड वैद्यकीय काम शिकवता येते, याचा सर्वांत भक्कम पुरावा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. बाळाचा श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, दूध ओढत नसलेले बाळ ओळखणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास इंजेक्शन देणे त्या शिकल्या. अंक न येणाऱ्या सुईणींना श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचे साधनही तिथे बनवले होते. या गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभरातील आशा बाळाच्या जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या गृहभेटी देतात, त्यामागे हे काम आहे. तिथे प्रशिक्षण एकदाच उरकले नव्हते. शिकणे, काम करणे, पर्यवेक्षकाने येऊन पडताळणे आणि पुन्हा शिकणे हे चक्र वर्षानुवर्षे चालले.

राज्य पातळीवर खाती जवळ आणण्याचा लक्षणीय प्रयत्न म्हणजे २००५ मध्ये औरंगाबादेत सुरू झालेले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन. व्ही. रमणी त्याचे पहिले महासंचालक. गर्भारपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांवर भर, आणि आरोग्य व बालविकास खात्यांचा एकाच मुलाबाबत एकत्र आढावा, हे त्याचे सूत्र. दोन वर्षांखालील मुलांतील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ मधील सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांच्या आसपास आले. त्यात उत्पन्न, मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढते वय यांचाही वाटा असणार, म्हणून सारे श्रेय मिशनला देणे बरोबर नाही.

२०१८ च्या पोषण अभियानात लांब शिबिरांना जोड म्हणून महिन्याच्या बीट बैठकीत, म्हणजे पर्यवेक्षिका आपल्या भागातील सेविकांची घेते त्या बैठकीत, थोडे थोडे शिकवण्याची पद्धत रुजली. एकूण २१ पाठ. एका महिन्यात एकच विषय घ्यायचा, गावात करून पाहायचा आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलायचे. ही पद्धत चांगली आहे, मात्र पर्यवेक्षिकेची जागाच रिकामी असेल तर ती कागदावर उरते. १० मे २०२३ रोजी ‘पोषण भी, पढ़ाई भी’ हा उपक्रम सुरू झाला आणि पहिल्या तीन वर्षांतील मेंदूच्या वाढीला प्रशिक्षणात ठळक जागा मिळाली.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, सातपुड्यात पावरी, पालघरात वारली बोलणाऱ्या आयांशी सेविकेला बोलायचे असते. पुस्तिका मात्र प्रमाण मराठीत असतात. तिथलीच सेविका असेल तर ती मनात भाषांतर करून निभावते, बाहेरची असेल तर आहाराचा सल्ला आईपर्यंत पोचतच नाही. नोंदींचे ओझेही मोठे आहे. २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी नोंदींसाठी दिलेले सरकारी मोबाइल परत केले, कारण ते बिघडत होते आणि त्यांवरचे काम मराठीत करता येत नव्हते. शिकवलेले कौशल्य वापरायला वेळच उरू नये, हा त्यांच्यावर आणि मुलांवर अन्याय आहे.

अपंगत्वाचा विषय अभ्यासक्रमात उशिरा आला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि गरजू मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती आली. हाक मारल्यावर न वळणारे किंवा वर्षभराचे होऊनही न बसणारे मूल घराबाहेर सहसा आधी सेविकेलाच दिसते. ते कसे ओळखायचे, हे आता तिला शिकवतात. जिल्ह्याच्या केंद्रापर्यंतच्या दर खेपेला आईचा रोज बुडतो आणि मागे राहिलेल्या भावंडांकडे कोण पाहील हा प्रश्न असतो. तो सेविका आणि आशा मिळून सोडवतात. त्याचा पाठ अजून कोणत्याच पुस्तिकेत नीट आलेला नाही.