अजय-अतुल : गाण्यांची डीजे रिमिक्स आणि रसिकमत

संगीतकार-गायक बंधू अतुल गोगावले (जन्म १९७४) व अजय गोगावले (जन्म १९७६) यांच्या मराठी गीतांची वरात-मिरवणुकीसाठी डीजेवाल्यांनी केलेली नाचाची रूपे, आणि त्यांवरून ऐकणाऱ्यांत व नाचणाऱ्यांत चालणारा वाद. येथे विचार कंपनीने बाजारात आणलेल्या तबकडीचा नाही. संग्रह म्हणायचाच तर तो डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये असतो आणि दर लगीनसराईला त्यातली निम्मी गाणी बदलतात. नोंदीतली मते मुख्यतः मराठवाड्यातली, त्यातही हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावांतली आहेत. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन विकली गेली की तिथे लग्नांचा हंगाम भरात येतो.

‘रिमिक्स’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो हिंदी गाण्यांमुळे. बॅली सागू यांचा ‘बॉलीवूड फ्लॅशबॅक’ १९९४चा. ‘समाधी’ (१९७२) चित्रपटातल्या ‘कांटा लगा’चे नवे रूप २००२चे. त्या काळी रिमिक्स म्हणजे कॅसेट कंपनीचा माल होता. पुढे संगणक व सॉफ्टवेअर तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आणि साउंड सिस्टिमवाल्याचा पुतण्याच रिमिक्स करू लागला. अजय-अतुल यांचा बहराचा काळ नेमका हाच. ‘विश्वविनायक’ (२००१) हा संग्रह, मग ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४), ‘जत्रा’ (२००६), राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा ‘जोगवा’ (२००९), ‘नटरंग’ (२०१०), ‘लय भारी’ (२०१४) आणि ‘सैराट’ (२०१६). हलगी, ढोलकी, संबळ यांचा ठसका त्यांच्या मूळ रचनांतच होता, म्हणून डीजेवाल्यांना ही गाणी घरची वाटली.

करण्याची रीत ठरलेली आहे. सुरुवातीला नुसता ताल, म्हणजे आधीच्या गाण्यातून या गाण्यात न थांबता शिरता येते. मग मुखड्यातला एखादा शब्द अडखळल्यासारखा चार-आठ वेळा कापायचा, मध्येच डीजेचे नाव भारदस्त आवाजात घुमवायचे, क्षणभर सगळे थांबवायचे आणि बेस सोडायचा. मूळ गाण्यातली लय माणसाने वाजवलेली असेल तर ती किंचित मागेपुढे होते. ती ताणून घड्याळासारखी सरळ करावी लागते. खरी अडचण असे गायकाचा आवाज वेगळा काढण्याची. २०१९च्या नोव्हेंबरात ‘डीझर’ या कंपनीने ‘स्प्लीटर’ हे आवाज व वाद्ये सुटी करणारे साधन खुले केले, त्यामागून तसली बरीच आली. त्याआधीच्या रिमिक्समध्ये बहुधा अख्ख्या गाण्यावर वरून ठोका बसवलेला असे. ‘सैराट’ची गाणी हॉलीवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालेली. त्यातल्या ‘याड लागलं’वर असा ठोका बसला की व्हायोलिनांचा ताफा बेसच्या चिखलात रुतून बसायचा. ‘वर नुसता ठोका टाकलाय’ ही तक्रार तेव्हापासूनची, आणि ती करणाऱ्यांत संगीत शिकलेले कमी, ट्रॅक्टरवर स्पीकर लावून फिरणारे जास्त.

रसिकांचे मत ऐकायचे तर मोबाइलच्या दुकानात उभे राहावे. मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा आता उतरणीला लागला असला तरी सुटलेला नाही. काउंटरमागच्या संगणकावर ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’चे नाव लिहिले की एकाखाली एक फायली उघडतात. गाण्याचे नाव एवढेसे, पुढे डीजेचे नाव, गावाचे नाव, साल, ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’, ‘साउंड चेक’ अशी शेपटी. गिऱ्हाईक नाव सांगत नाही, खूण सांगते : ‘तो मधी थांबतो, तो द्या.’ दुकानदार तिसरी फाइल लावतो. गिऱ्हाईक मान हलवते, हा नव्हे. पाचवी लागते आणि मान तालावर हलू लागते. या दहा-पंधरा सेकंदांत अख्खे रसग्रहण उरकते. गायक, शब्द, चाल यांवर चर्चा होत नाही, कारण ती सगळ्यांना पाठ आहे. निवाडा होतो तो थांबण्याच्या जागेचा.

या जागेवरच बहुतेक मतभेद उभे आहेत. जाणत्या नाचणाऱ्याला मूळ गाण्यात कुठे हात वर जातात, कुठे सगळे एकदम उडी मारतात हे ठाऊक असते. रिमिक्सने ती जागा राखली आणि तिच्या आधीची वाट थोडी लांबवली, तर तो ‘वाजला’. जागाच खाल्ली, किंवा तिथे डीजेने स्वतःचे नाव घुसडले, तर नाचणारे क्षणभर उघडे पडतात : हात वर गेलेले आणि ताल भलतीकडे. मग शिव्या पडतात त्या डीजेवाल्या दादाला. संगीतकार जोडीचे नाव कोणी घेत नाही.

खुद्द ‘झिंगाट’विषयी प्रस्तुत नोंदकाराचे मत चाहत्यांतल्या अल्पमताशी जुळते : त्याला रिमिक्सची गरज नव्हती. दोघा भावांनी स्वतः लिहिलेले व गायलेले हे गाणे मुळातच मिरवणुकीत बसेल असे बांधलेले आहे. २०१६च्या उन्हाळ्यात प्रेक्षक थिएटरात पडद्यापुढे जाऊन नाचले ते मूळ गाण्यावर. रिमिक्स त्यात भर घालतो ती फक्त लांबीची. बहुमताचे म्हणणे मात्र साधे आहे. वरात पारापासून मंडपापर्यंत जायला तासभर घेते, गाणे चार मिनिटांचे. उरलेले कशाने भरायचे? या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही.

रिमिक्सने खरोखर काही नवे दिले ते नाचासाठी न केलेल्या गाण्यांत. ‘जोगवा’मधले अजयने गायलेले ‘लल्लाटी भंडार’ हे याचे ठळक उदाहरण. जोगत्यांच्या परंपरेतून आलेले, देवीसमोरचे हे गाणे संबळाच्या जोडीने दुप्पट जोमात वाजू लागले आणि नवरात्राच्या मिरवणुकांत हमखास ऐकू येऊ लागले. यावर दोन तट आहेत. घरात गोंधळ घालणाऱ्या वडीलधाऱ्यांना संबळ ‘कापलेला’ खटकतो. वाजवणाऱ्याचा हात थकतो, उसळतो, पुन्हा बसतो. यंत्रात तोच एक तुकडा फिरत राहतो. तरुण चाहते म्हणतात, देवीपुढे घुमणे हाही नाचच आहे. दोघांचेही खरे आहे, पण पहिल्यांचा कान जास्त तयार आहे.

तुलनेसाठी आनंद व मिलिंद शिंदे या बंधूंच्या गाण्यांकडे पाहावे. प्रल्हाद शिंदे यांच्या या मुलांची कॅसेटच्या जमान्यातली गाणीही डीजेवर येतात, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांची रिमिक्स वाजतात. तिथली तक्रार अगदी वेगळी आहे : शब्द बुडाले. भीमगीत हे सांगण्यासाठी केलेले गाणे; त्यातले नाव, साल, प्रसंग ऐकू गेले नाहीत तर जुन्या गायन पार्ट्यांचे श्रोते नाराज होतात. अजय-अतुलच्या रिमिक्सबद्दल शब्दांची अशी तक्रार क्वचितच कानी येते. आनंद शिंदे दोन्हींकडे आहेत हे विशेष. ‘जत्रा’तले ‘कोंबडी पळाली’ त्यांनी वैशाली सामंत यांच्यासह गायलेले.

तेच गाणे ‘अग्निपथ’मध्ये (२०१२) ‘चिकनी चमेली’ झाले आणि मराठी चाहत्यांनी ते कौतुकाने स्वीकारले. आपली चाल हिंदीत गेली, एवढाच भाव होता. ‘धडक’साठी (२०१८) याच जोडीने ‘झिंगाट’ हिंदीत केले तेव्हा मात्र ओरड झाली. चाल तीच, संगीतकार तेच, आवाजही त्यांचेच. गेले ते गावरान शब्द आणि त्यांच्यासोबतचे बेभान हसू. डीजेने ठोका बदलला तर खपते, भाषा बदललेली खपत नाही, असा या दोन प्रसंगांचा अर्थ लावता येईल. पण ‘चिकनी चमेली’ त्यात बसत नाही, हेही मान्य करावे लागते.

कायद्याच्या नजरेतून ही बहुतेक रिमिक्स बेवारस आहेत. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१-सी, मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे लोटली की गाणे नव्याने गाऊन-वाजवून काढू देते. त्यासाठी वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडचे फेरफार चालत नाहीत. मूळ ध्वनिमुद्रणातला गायकाचा आवाजच उचलणे या कलमात बसतच नाही. याची चिंता करणारा चाहता भेटणे विरळा. चाहत्यांना माहीत असलेला कायदा एकच : २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्री दहाची वेळ. वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्याच नियमांची. पण डेसिबल कोणी मोजत बसत नाही, दहा मात्र सगळे मोजतात.

दहाला डीजे बंद झाला की कुठे कुठे हलगीवाले पुढे येतात. पूर्वी रिमिक्सवाले त्यांच्या हलगीचे तुकडे उचलत. आता तरुण हलगीवाले रिमिक्समधले तुकडे हाताने वाजवतात, त्यातल्या त्या अडखळण्यासकट. मधला थांबाही ते घेतात. तेवढ्यात रिंगणातले सगळे हात वर धरून उभे राहतात, आणि थांबा किती लांबवायचा हे हलगीवाला त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवतो.