सर्जनची मोजपट्टी गोळ्यांपर्यंत कशी आली

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेल्या माहितीपत्रकात, भिंगाशिवाय दिसू नये अशा अक्षरांत, अनेकदा एक सूचना असते: मध्यम यकृतविकार (चाइल्ड-प्यू बी) असल्यास मात्रा कमी करावी, तीव्र (सी) असल्यास औषध टाळावं. सिरोसिसच्या रुग्णाला मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखीही असली की कुठली गोळी ठेवायची आणि कुठली काढायची, हे बरंचसं या एका अक्षरावर ठरतं. गंमत अशी, की या मोजपट्टीचा गोळ्यांशी मुळात काहीच संबंध नव्हता.

तिची पाळंमुळं कुत्र्यांवरच्या एका शस्त्रक्रियेत आहेत. १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय एक्क यानं आतड्यांकडून यकृतात रक्त नेणारी पोर्टल शीर थेट पोटातल्या महाशिरेला जोडली. यकृताला वळसाच. आठ कुत्र्यांपैकी एकच टिकला, तोही अडीच महिन्यांनी पळून गेला. पुढे १८९३ मध्ये त्याच शहरात पावलोव्ह आणि सहकाऱ्यांनी असे कुत्रे जगवून दाखवले. मांस खाल्लं की ते झोकांड्या खात, झटके येऊन निपचित पडत. आतड्यांतलं रक्त यकृतात न गाळता पुढे गेलं की मेंदू बिघडतो, हे तेव्हा दिसलं. तोंडानं घेतलेली गोळीही याच वाटेनं जाते, पण तिचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता.

सिरोसिसमध्ये पोर्टल शिरेतला दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी दाब उतरवण्यासाठी माणसांत तोच वळसा घालायला सुरुवात केली. रक्तस्राव थांबे, पण बरेच रुग्ण शस्त्रक्रियेनंतर यकृत बंद पडून जात. कुणाला टेबलावर घ्यावं आणि कुणाला नाही, हा सर्जनांचा रोजचा प्रश्न झाला. १९६४ मध्ये मिशिगनच्या चार्ल्स चाइल्ड आणि जेरेमाया टर्कॉट यांनी त्याला उत्तर दिलं: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम आणि पोषण, या पाचांवरून ए, बी, सी असे गट. ही वाटणी अनुभवातून आली होती, आकडेमोडीतून नव्हे.

१९७३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या प्यू आणि सहकाऱ्यांनी अन्ननलिका छेदून पुन्हा शिवण्याच्या शस्त्रक्रियेवर लेख लिहिला. रुग्ण ३८. त्यात त्यांनी पोषण वगळलं, कारण ते पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून होतं, आणि त्याजागी रक्त गोठण्याचा वेळ घेतला. प्रत्येक निकषाला एक ते तीन गुण. बेरीज ५-६ तर ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी. ती शस्त्रक्रिया मागे पडली, तक्ता राहिला.

तो औषधांत शिरला, कारण दुसरं काही नव्हतं. मूत्रपिंडाला क्रिएटिनिन आहे. त्यावरून मात्रेचा अंदाज बांधता येतो. यकृत अमुक औषध किती वेगानं निकामी करतं, हे सांगणारी तशी रोजच्या वापरातली रक्तचाचणी नाही. मग २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी हाच तक्ता सुचवला आणि तो माहितीपत्रकांत जाऊन बसला.

आता एक हिशेब मांडून पाहा. बिलिरुबिन १.८, अल्ब्युमिन ३.१, पोटात थोडं पाणी, मेंदूवर परिणाम नाही, रक्त गोठण्याच्या वेळेवरून काढलेला आयएनआर १.४. गुण अनुक्रमे १, २, २, १, १. बेरीज ७, म्हणजे बी. रुग्णालयात अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवल्या, आकडा ३.६ झाला. बेरीज ६, म्हणजे ए. यकृत होतं तसंच आहे. फक्त तक्त्याच्या लेखी ते सुधारलं.

दुसरी उणीव अशी, की एकच अक्षर सगळ्या औषधांना सारखं लागू पडत नाही. सिरोसिसमध्ये शरीर आपणहून एक्कचा वळसा तयार करतं, त्यामुळे प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी यकृताला चुकवून जास्त प्रमाणात रक्तात उतरते. शिरांतला दाब उतरवायला तीच गोळी देतात, म्हणून सुरुवात छोट्या मात्रेनं होते. डायझेपाम शरीरात रेंगाळतं. लोराझेपाम ज्या रासायनिक वाटेनं जातं ती त्या मानानं शाबूत राहते. आयब्युप्रोफेनचा धोका तर यकृतापेक्षा मूत्रपिंडालाच अधिक. म्हणूनच गुडघ्यासाठी कमी मात्रेतलं, साधारण दिवसाला दोन ग्रॅमपर्यंतचं, पॅरासिटामॉल बरं, हे अनेक रुग्णांना पटत नाही. ‘ती तर लिव्हरची गोळी ना?’ असं ते विचारतात.

माझ्या मते प्यू यांनी वगळलेलं पोषण मागच्या दारानं परत आलं आहे. सिरोसिसमध्ये दंड-मांड्या सुकतात. क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं, म्हणून ०.८ हा गोंडस आकडा पाहून मूत्रपिंड ठणठणीत मानलं, तर मेटफॉर्मिनची मात्रा चुकू शकते. तक्त्याला हे दिसत नाही. रुग्णाचा दंड हातात धरणाऱ्याला दिसतं.

तरी तक्ता सुटत नाही. सिरोसिसमध्ये क्षयरोग झाला, तर नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रासदायक. अशा वेळी साधारणपणे ए गटात त्यांतली दोन, बी गटात एक, सी गटात एकही नाही, असा हिशेब करतात आणि उरलेल्या जागी इतर औषधं घालून उपचार लांबवतात. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून डॉक्टर ती बेरीज पुन्हा मांडतात.