पाउलुस : एका नावाचा वापर

नावांचा अभ्यास म्हटला की बारशाच्या पुस्तकातली अर्थांची यादी आठवते. अर्थ कळला म्हणजे नाव कळले, असे आपण धरून चालतो. वाचकांनी ही सवय थोडा वेळ बाजूला ठेवावी, एवढीच विनंती.

पाउलुस या लॅटिन नावाचा अर्थ 'लहान'. पण रोममध्ये ते मिरवणारे लोक मोठे होते. एमिलियुस या जुन्या उमराव कुळाच्या एका शाखेचे ते उपनाव. रोमन उमरावाला पाळण्यातले नाव, कुळाचे नाव आणि बहुधा असे एखादे उपनावही असे. मूळ अर्थ विसरला तरी ते पिढ्यान्‌पिढ्या चाले. लुसियुस एमिलियुस पाउलुसने इ.स.पू. 168 मध्ये पिडना येथे मॅसिडोनियाच्या राजाला हरवले आणि त्याच्या नावाला 'मॅसिडोनिकुस' हे बिरुद जोडले गेले. तुम्ही मुळशीकडचे असाल तर हे परके वाटणार नाही. 1921 मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाने पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' केले. त्यांचे पाळण्यातले नाव आज अनेकांना आठवूनच सांगावे लागते.

उमरावांचे हे उपनाव जगभर पोचले ते संत पौलामुळे. दिमिष्काच्या वाटेवर शौलाचा पौल झाला, असे सर्रास सांगितले जाते. बायबलमध्ये मात्र तसे नाही. 'प्रेषितांची कृत्ये'च्या 13व्या अध्यायात, सायप्रस बेटावर, 'शौल ज्याला पौलही म्हणत' असा उल्लेख सहज येतो. गंमत म्हणजे तिथल्या रोमन सुभेदाराचे नावही पाउलुसच!

आपल्याकडे ते पोर्तुगीज 'पाउलो' होऊन आले. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल महाविद्यालयात 1556 मध्ये भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, आणि या संस्थेवरून जेझुइटांनाच लोक 'पाउलिस्ता' म्हणू लागले. याउलट, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. परके नाव न घेणे हीसुद्धा नावाच्या इतिहासातली नोंदच आहे, आणि माझ्या मते ती फार कमी वाचली गेली आहे.

वसईकडच्या किंवा गोव्यातल्या वाचकांनी घरातल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या दाखल्यापासून सुरुवात करावी. तिथले नाव, शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि घरातली हाक जुळतीलच असे नाही. तिन्ही शेजारी लिहून ठेवा, आणि कोण कोणत्या नावाने बोलावत असे तेही.